दोन दारांचं घर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत! बालकल्याण खात्याच्या शिक्क्याखाली, टाइप करून, लफ्फेदार सही ठोकून तुम्ही लिहिलंत: "घरात संवाद नाही. मुलगी प्रश्नांना उत्तर देत नाही. एकवीस दिवसांनंतरही रुळलेली नाही. सबब वसतिगृहात हलवावी. हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे." त्या घरात तुम्ही जेमतेम दहा मिनिटं होतात, तीही बूट न काढता!

ते पत्र पोरीच्या आत्याच्या हातात पडलं तेव्हा तिच्या बोटांना खळ लागलेली होती. चाळीस वर्षं पुस्तकं बांधणारी बाई ती. खाली तिचं बाइंडिंगचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. कागद वाचता वाचता बोटांना चिकटला, आणि सोडवायला गेली तर "रुळलेली नाही" या शब्दांवरच टर्रकन फाटला... आत्या मटकन शिलाईच्या स्टुलावर बसली. वरच्या खोलीत पोर हसत होती. हो साहेब, हसत होती! तीच, तुमची न बोलणारी!

पण तुम्हाला हसू ऐकू यायचं तर पहिल्या दिवसापासून सांगायला हवं.

आत्याचे वडील गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ सहाचा. तिनं दप्तर खुंटीला अडकवलं ते कायमचं, आणि वडिलांची दाभण हातात घेतली. धाकट्याला भरवलं, शिकवलं, त्याचं बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. स्वतःचं लग्न, हौस, सगळं त्या दुकानातल्या दाबयंत्राखाली घालून चक्र घट्ट फिरवून टाकलं. आणि एक दिवस तोच धाकटा, तिला एका शब्दानं न विचारता, आपल्या पसंतीची मुलगी घेऊन दारात उभा राहिला! अंतःकरण असं काही फाटलं तिचं... "या दारातून गेलास तर पुन्हा या दारात दिसू नकोस!" ती ओरडली. तो गेला. दहा वर्षं दिसला नाही.

मग त्याची बायको आजारात गेली. तो मालट्रकवर ड्रायव्हर, आठवड्याचे सहा दिवस रस्त्यावर. नऊ वर्षांची पोर कुलूपबंद घरात एकटी, हे शेजाऱ्यांनी तुमच्या खात्याला कळवलं आणि खात्यानं तिला एका गुरुवारी आत्याकडे आणून सोडलं. लहानपणी पलंगाखाली, कपाटाखाली गडगडत जायची म्हणून बाप तिला 'गोटी' म्हणायचा. आत्याकडे आली आणि ती खरंच गोटीसारखी कोपऱ्यात जाऊन थांबली. खायची, आंघोळ करायची, झोपायची. बोलायची मात्र नाही.

आत्याला ममता होती, पण पद्धत तिची तिची. तिनं पहिल्याच दिवशी पोरीच्या खोलीची कडी पेचकसानं काढून टाकली. "आपल्याच घरात कडी कशाला लावायची?" दर तासाला जाऊन विचारायची, "काय करतेस? काही हवंय? का नको?" पोर भिंतीला आणखी चिकटायची.

सातव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर एक भोकं पाडलेलं खोकं सापडलं. वर चिठ्ठी: "गोटीसाठी. घाबरट आहे. सांभाळून." ते अक्षर आत्यानं झटकन ओळखलं. तिनंच तर गिरवून घेतलेलं! खोक्यात तपकिरी-पांढरा, पावाएवढा एक गिनीपिग डोळे विस्फारून बसला होता.

"घ्या! आणखी एक घाबरट!" आत्या म्हणाली. तिनं कागदाच्या रिमांची रिकामी लाकडी पेटी बाहेरच्या खोलीत मधोमध मांडली, वर दिवा लावला आणि त्याला वरून मुठीत उचलून आत ठेवलं. सगळ्यांना दिसेल, माणसांची सवय होईल, हा हिशेब. तो एका कोपऱ्यात जो थिजला तो थिजलाच. काकडी सुकली, गवत तसंच राहिलं. एक दिवस, दोन दिवस...

"दर्शन देतात, पण प्रसन्न होत नाहीत," आत्या म्हणाली, आणि त्याचं नाव 'महाराज' पडलं.

नवव्या दिवशी सकाळी पेटीत पोरीच्या स्वेटरची बाही दिसली. महाराज बाहीत शिरले होते. नुसती नाकाची थरथर बाहेर. आत्यानं बाही ओढायला हात घातला, आणि मागून आवाज आला.

"त्याला लपू दे!"

नऊ दिवसांतले पहिले शब्द! आत्याचा हात जागीच राहिला. पण तोंड थांबेल ती आत्या कसली!

"लपून काय होणार? मी काय खाणारे त्याला?"

"ते त्याला कुठे माहितीय?" पोर म्हणाली. "लपल्याशिवाय बघणार कसा तो आपल्याकडे?"

काय म्हणाली ही? लपायचं ते बघण्यासाठी? तिनं वाकून बाहीत डोकावलं. आतून दोन काळेभोर डोळे तिच्याकडेच बघत होते. घाबरलेले, पण भारी चौकस! हे दोन डोळे नऊ दिवस या घरात कुठेतरी पाहिलेत, असं तिला वाटलं, आणि तिनं खोलीच्या कडी नसलेल्या दाराकडे एकदा बघितलं...

त्या दुपारी ती पुठ्ठा, कातर, पट्टी घेऊन वर आली. पिठाची खळ शिजवली. कुरतडलं तरी बाधू नये म्हणून. जन्मभर पुस्तकांना पुठ्ठे घातलेल्या हातांनी एक सुबक घर कापलं, कोपरे ठोकून सरळ केले, एक कमानदार दार काढलं. पोर हळूहळू सरकत जवळ आली.

"एकच दार?"

"मग किती हवीत? राजवाडा आहे का हा?"

"दोन. एका दारातून कुणी आलं तर दुसऱ्यातून जाता यायला हवं. नाहीतर तो सापळा होतो, आत्या."

'आत्या'! पहिल्यांदा! तिनं मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते. नुसती कातर उचलून मागच्या भिंतीला दुसरं दार कापलं. आणि कापता कापता, दहा वर्षांपूर्वी आपण बंद केलेलं या घराचं एकुलतं एक दार तिला आठवलं...

कडी तिनं संध्याकाळी परत बसवली. आतून.

मग सुरू झाली एक अजब शाळा. रोज पाच वाजता दोघी पेटी आडवी करून जमिनीवर आडव्या होत. वरून हात घालायचा नाही, हा पोरीचा नियम. वरून येतो तो शत्रू. गुडघे कुरकुरत, आत्या त्यांना शिव्या घालत पालथी पडे. माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून ती खालून छापील फर्मे आणून मोठ्यानं वाचे. फर्मा म्हणजे न दुमडलेला मोठा ताव, त्यावर पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं छापलेलं, म्हणून सरळ वाचलं की एका पानाची ओळ दुसऱ्या पानात शिरे. विषय पाण्याच्या पंपांची देखभाल.

"'पंप सुरू करण्यापूर्वी प्रथम'... 'त्यामुळे मोटार जळून गेली.'"

पोर खुदकन हसली. पुठ्ठ्याच्या दारात नाक आलं. गेलं. पुन्हा आलं!

चौदाव्या दिवशी, बुधवारी, पाच वाजले तरी पोर आली नाही. खिडकीशी होती, पडद्याच्या आड, एक डोळा बाहेर. आत्यानं तिच्या मागून पाहिलं. समोरच्या बसथांब्यावर एक माणूस उभा होता. बस आली, गेली. तो चढला नाही.

"कधीपासून येतो?" आत्यानं विचारलं.

"दर बुधवारी. त्याची सुटी असते." पोर पुटपुटली. "तू त्याला येऊ देत नाहीस ना."

आत्या जिना उतरली ती अंगावरच्या खळीच्या डागांसकट. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं शिवी हासडली, तिनं परत केली. धाकटा तिला पाहून दोन पावलं मागे सरला. किती पिकलाय हा! काय हे केस!

"वर चल."

"ताई, तू म्हणाली होतीस की..."

"मी काय म्हणाले ते दहा वर्षं पाठ करून ठेवलंस? शाळेत एवढं पाठांतर केलं असतंस तर ट्रक हाकायची वेळ आली नसती!"

तो हसायला गेला आणि भर रस्त्यात लहान मुलासारखा रडला. "मी तुला विचारायला हवं होतं, ताई..."

"आणि मी तुझ्या बायकोला एकदा नीट बघायला हवं होतं," आत्या म्हणाली. "आता कुठून बघू, सांग!... चल. आणि आत आलास की उभा राहू नकोस, आडवा हो. महाराज घाबरतात."

आणि एकविसाव्या दिवशी तुम्ही आलात, साहेब.

तुम्ही बेल वाजवलीत, कुणी उघडलं नाही. दार ढकललंत. बाहेरच्या खोलीत तिघं पालथी पडलेली: केस पिकलेला बाप, पंपाचा फर्मा हनुवटीखाली घेतलेली आत्या, आणि मध्ये तळहातावर काकडीचा तुकडा धरून पोर. पुठ्ठ्याच्या दारातून महाराज बाहेर आले होते. पहिल्यांदा! चारही पाय बाहेर, मिशा पोरीच्या बोटांना लागलेल्या. तिघांनी श्वास रोखलेला.

"मी चौकशी अधिकारी," तुम्ही म्हणालात. कुणी वळलं नाही. "बाळ, तू इथे सुखी आहेस का? हे लोक तुझ्याशी बोलतात का?"

पोरीनं मान वळवून तुमच्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्या हाताच्या कोपरानं बापाला हळूच सरकवलं. तुम्ही लिहिलंत, 'मुलगी प्रश्नांना उत्तर देत नाही.' त्या पोरीनं तुमच्यासाठी जागा केली होती, साहेब! जमिनीवर, आपल्या शेजारी!

तुमचे बूट वाजले. महाराज एका दारातून आत घुसले. तुम्ही पाठ फिरवलीत आणि जिना उतरू लागलात, म्हणून पुढचं तुम्हाला दिसलं नाही. महाराज दुसऱ्या दारातून बाहेर पडले, खोलीभर मोकळी जमीन होती, हवं तिथं पळता आलं असतं... आणि ते धावत येऊन पोरीच्या बाहीत शिरले.

तुमचं पत्र आल्याला आज आठवा दिवस. तुमच्या कार्यालयातल्या बाकावर आत्या आणि धाकटा सकाळपासून बसलेत, मध्ये गोटी. तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचं घर आहे आणि आत्याच्या हातात खळीनं जोडलेलं तुमचं पत्र. हरकत त्यांनी एका ओळीत लिहिली आहे. अक्षर पोरीचं आहे.

"तुम्ही किती दिवसांत बूट काढाल? उत्तर द्या."