अकरा पत्रं, एकच अक्षर

"इंद्रे, ऊठ! कौशल्याकाकू येतायत!" हणमंतानं आंब्यावरून धपकन खाली उडी मारली.

"मग येऊ देत की. पत्र लिहायचं असेल." इंद्रायणीनं दौतीत टाक बुडवला.

"हातात लाटणं घेऊन?"

इंद्रायणीनं मान वर केली. खरंच! चिमाजीच्या विहिरीवरून कौशल्याबाई तरातरा येत होत्या. लाटणं हातात, पदर कमरेला खोचलेला आणि चेहरा लालबुंद. शेजारची छोटी शेवंता तर झाडामागंच लपली.

"भवाने!" कौशल्याबाई कडाडल्या. "पोटातली गोष्ट तुला सांगितली, आन् ती गावभर झाली? आज पानवठ्यावर चारचौघींत सासूबाईनं मला इचारलं! जीव नकोसा झाला माझा!"

"काकू, मी कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही!"

"मग काय पाकिटाला पाय फुटले? आन् बोलाया तोंड फुटलं? पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकणार न्हाई मी!"

आल्या तशाच त्या निघून गेल्या. लाटणं वापरलं नाही, पण शब्द मात्र वर्मी लागले.

१९५६ सालच्या मे महिन्यातली ही हकीकत. दिघी तेव्हा लहानसं गाव होतं. एका बाजूला शेतं आणि दुसऱ्या बाजूला लष्कराच्या हद्दीचे दगड. घरटी एक पुरुष मुंबईच्या गिरणीत, आणि मागं राहिलेल्या बायकांना अक्षराची ओळख नव्हती. इंद्रायणी नुकतीच सातवी पास झालेली. अक्षर असं की मास्तर इतर मुलांना तिची वही दाखवत. सुट्टी लागली की ती विहिरीजवळच राहणाऱ्या चिमाजी शेतकऱ्याच्या आंब्याखाली बसायची आणि बायका एकेक करून यायच्या. मनातलं सांगायच्या, ती लिहायची. पत्र चालू असताना दुसऱ्या कुणी जवळ फिरकायचं नाही, हा तिचा नियम. सुट्टीसाठी थेरगावाहून आलेल्या आतेभावाला, हणमंताला, पंधरा दिवसांत तिनं एका पत्रातला एक शब्द कळू दिला नव्हता. त्यासाठी त्यानं तिला दोन पिकलेले आंबे देऊ केले होते!

कौशल्याबाईंची ती गोष्ट काय होती? ते मी सांगणार नाही. नाकं मुरडू नका! तुमचं पत्र मी चावडीवर वाचून दाखवलं, तर चालेल तुम्हाला?

दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही, आणि तिसऱ्या दिवशीही नाही. शेवंता बातमी घेऊन आली, "शालनमावशी म्हणाली, पत्र न्हाई गेलं तरी चालंल, पण त्या पोरीकडं न्हाई जायचं."

मग मात्र इंद्रायणी ढसाढसा रडली. बायकांनी विश्वासानं तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं. आता गावात तिचं नाव चहाडखोर म्हणून झालं होतं, आणि ते पुसायचं कसं हे तिला समजेना.

चौथ्या दिवशी रुक्मिणीबाई काठी टेकत आल्या. गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई. कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत!

"हे बघ गं. लेकाला धाडलेलं पाकीट माघारी आलं. वर काय खरडलंय?"

"पत्त्यावर राहत नाहीत, असं लिहिलंय. मामांनी खोली बदलली असेल, आजी." पाकीट उलटं करताच इंद्रायणी थबकली. "आजी, हे मी चिकटवलेलं नाही!"

"मंग काय भुतानं चिकटवलं?"

"मी बाभळीचा डिंक लावते. तो पिवळा असतो. ही तर पिठाची खळ आहे. आणि बघा, निळसर आहे!"

हणमंतानं पाकीट उजेडात धरलं. "मोरचूद! खळीला कीड लागू नये म्हणून घालतात. अगं, काल गूळ आणला ना, त्या पिशवीलाही अशीच निळी खळ होती!"

तिन्ही पोरं एकदम ओरडली, "दौलतराव!"

दौलतराव म्हणजे गावचे दुकानदार. रद्दीच्या पिशव्या चिकटवून त्यात माल द्यायचे. टपालाचं कामही त्यांच्याकडेच होतं. लाल पेटीतली पत्रं काढायची आणि दुपारी सायकलवाल्याच्या थैलीत घालायची. गेला महिनाभर त्यांच्या दुकानात एक पाहुणा मुक्कामाला होता. नाव दांडगे. आपण बियाणं कंपनीचे एजंट आहोत, असं तो सांगायचा.

"पेरणी तोंडावर आली, आन् ह्या बाबानं एका शेतकऱ्याला रान किती हाय म्हून इचारलं न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मला तवाच वाटलं व्हतं."

भर दुपारी तिन्ही पोरं दुकानामागच्या चिंचेवर चढली. मागची खिडकी उघडीच होती. आत चुलीवर किटली खदखदत होती, आणि दांडगे किटलीच्या वाफेवर पाकीट धरून बसला होता! पाकिटाचं तोंड उघडलं, तसं त्यानं पत्र काढलं आणि वहीत उतरवायला लागला.

"परत तेच अक्षर!" तो पुटपुटला.

"काय झालं, साहेब?" सुपारी कातरत दौलतरावांनी विचारलं.

"सरकारी गुपित आहे, दौलतराव. विचारायचं नाही." आणि लगेच तो खिदळला. "पण हे ऐका! ही बाई नवऱ्याला काय लिहिते..."

त्यानं सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. दौलतराव पोट धरून हसले. "कौशल्येचं पत्र घरी सांगितलं, तर आमची ही दोन दिवस हसत होती!"

इंद्रायणीनं दोन्ही कान घट्ट दाबून धरले. हणमंतानं फांदीवर मूठ आपटली. घरी दौलतरावांची 'ही', तिथून पानवठा, आणि पानवठ्यावरून सासूबाई! सरकारचं गुपित कुलूपबंद, आणि लोकांची गुपितं मात्र सुपारीसारखी चघळायला!

"चला, गावाला सांगू!" खाली उतरून रुक्मिणीबाईंपाशी येताच हणमंता म्हणाला.

"आपलं कोण ऐकणार? दौलतराव नाही म्हणाले की संपलं." इंद्रायणीनं डोळे पुसले. आता तिला रडू नव्हे, राग येत होता. "त्या दांडगेलाच विहिरीवर येऊ दे. सगळ्यांसमोर! शेवंते, कागद आण."

तिनं पत्र लिहिलं ते हेडमास्तरांना. आबाजी मास्तर सुट्टीत थेरगावला लेकीकडं गेले होते. 'शुक्रवारी भर दुपारी चिमाजीच्या विहिरीवर एकवीस माणसं जमणार आहेत. गावाच्या मोठ्या कामासाठी तुम्ही यावं. ही गोष्ट तुम्ही आणि मी, दोघांतच राहू द्या.' खाली मुद्दाम सही केली नाही. मास्तरांना अक्षरावरून कळणार होतंच. पाकीट मात्र ती दौलतरावांच्याच लाल पेटीत टाकणार होती.

"खोटं काय लिहिलंस यात?" हणमंतानं विचारलं. पत्र वाचायला मिळालं म्हणून तो खूश होता.

"एक अक्षर खोटं नाही. आजी, एकवीस बायका आणाल?"

"न्हाई येत म्हणतंय कोण, ते बघते!" रुक्मिणीबाईंनी काठी आपटली.

शुक्रवार उजाडला. दुपारी विहिरीवर बायका जमल्या. कौशल्याबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. आबाजी मास्तर सायकलवरून घाम पुसत आले.

"काय गं, कसलं मोठं काम?"

"थोडं थांबा, सर. अजून पाहुणे यायचेत."

तेवढ्यात उसातून सळसळ झाली आणि शिट्टी वाजली!

"कुणी जागचं हलायचं नाही!" दांडगे ओरडत पुढं आला. मागं दोन पोलीस शिपाई, आणि त्यांच्या मागं धापा टाकणारे दौलतराव.

"हलतंय कोण?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आमी बसलोय."

दांडगेनं चहूकडं पाहिलं. बायका, तीन पोरं, एक मास्तर. तो गोंधळला. "पुढारी कुठंय? अकरा बायकांच्या नावानं मुंबईला पत्रं धाडतो तो? अकरा पत्रं, एकच अक्षर! शेजारी लष्कराची हद्द, मुंबईत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. मला काय कळत नाही? बऱ्या बोलानं पुढं या!"

इंद्रायणी उठली. ती थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तो पुढारी मी आहे."

तिनं तिथंच कागदावर एक ओळ लिहिली आणि त्याच्यापुढं धरली. दांडगेनं अक्षर पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"अहो, ही पोरगी सगळ्या बायकांची पत्रं लिहिते!" दौलतराव म्हणाले. "गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला विचारलं असतं तर..."

"गुपित होतं ना ते!" हणमंता आंब्याच्या फांदीवरून ओरडला. दोघं शिपाई तोंड फिरवून हसायला लागले.

"आता मी विचारते," इंद्रायणी म्हणाली. "आजची बैठक मी कागदावर फक्त सरांना कळवली. बायकांना आजच दुपारी आजीनं हाताला धरून आणलं. एकवीस माणसं, शुक्रवार, भर दुपार, हे तुम्हाला कुठून कळलं?"

दांडगेचा हात खिशातल्या वहीवर गेला. मग कौशल्याबाई हळूहळू उभ्या राहिल्या. "म्हंजी... माझं पत्र ह्यानं फोडलं?"

"यानं फोडलं, दौलतरावांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी घरी सांगितलं! आम्ही चिंचेवरून ऐकलं," शेवंता बोलली. दौलतरावांनी मान खाली घातली.

"दुसऱ्याचं टपाल उघडायला सरकारचा लेखी हुकूम लागतो," आबाजी मास्तर पुढं झाले. "दाखवा."

"मी... मी सरकारी माणूस आहे."

"मीही आहे. हुकूम दाखवा!"

हुकूम नव्हताच. लष्कराच्या हद्दीवर कोण नवखं फिरतं, एवढंच पाहायला गुप्त पोलिसांतल्या वरिष्ठांनी त्याला धाडलं होतं. उन्हात फिरायचा कंटाळा आला, म्हणून गडी सावलीत बसून लोकांची पत्रं फोडत होता!

"आमाला तर दरोडेखोर हायत म्हून आणलं, साहेब," थोरला शिपाई म्हणाला. त्यानं दांडगेच्या खिशातली वही काढून मास्तरांच्या हातात दिली.

"उत्तम पुरावा!" मास्तर म्हणाले. "आजच पुण्याला याच्या वरिष्ठांकडं पाठवतो."

"नको, सर!" इंद्रायणीनं वही धरली. "ती पुण्याचे साहेबही वाचतील. मग आणखी कुणी वाचेल. ज्यांचं आहे, त्यांनी हो म्हटलंय का?"

हेडमास्तरांचा हात धरायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं आणि बायकांकडं पाहिलं. एकवीसही जणी नकारार्थी मान हलवत होत्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी चुकलो. इतकी वर्षं नागरिकशास्त्र शिकवतोय, पण आज ते तू मला शिकवलंस."

मग दांडगेनं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की हुकूम नसताना आपण पत्रं उघडली आणि दौलतरावांनी ती आपल्या हाती दिली. दौलतरावांनी आणि दोन्ही शिपायांनी खाली सह्या केल्या. तेवढाच कागद पुण्याला जाणार होता. वही न उघडताच रुक्मिणीबाईंनी ती चिमाजीच्या चुलीत घातली आणि जळून राख होईपर्यंत काठी रोवून पहारा दिला. गावाची टपालपेटी त्याच दिवसापासून मास्तरांकडं आली.

शिपाई दांडगेला घेऊन निघाले. "पोरीनं गावाचं नाव राखलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी इंद्रायणीच्या कानशिलांवर बोटं मोडली. चिमाजीनं तर आंब्याची पाटीच पोरांपुढं ओतली. हणमंता छाती पुढं काढून असा फिरत होता, जणू जगात मोरचुदाचा शोध त्यानंच लावला!

कौशल्याबाई मात्र एका बाजूला उभ्या होत्या. सगळ्यांसमोर त्या इंद्रायणीजवळ आल्या.

"चुकले मी, लेकी. तुझ्यावर आळ घेतला." त्यांचे डोळे भरून आले होते. "आता लिवशील का गं माझं पत्र?"

इंद्रायणीनं कागद मांडीवर घेतला. कौशल्याबाई तिच्याशेजारी टेकल्या, आणि गर्दीकडं पाहून अवघडल्या.

आबाजी मास्तरांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी सायकलचं हँडल धरलं. "चला रे सगळे! आपलं इथं काही काम नाही."

स्वतः हेडमास्तर पुढं झाले. मागून रुक्मिणीबाई, बायका, चिमाजी आणि कुणाचंही पत्र वाचायची इच्छा आता पार मेलेला हणमंता निघाला. पार उसाच्या बांधापर्यंत सगळे चालत गेले, आणि एकानंही मागं वळून पाहिलं नाही.