वाट्याची शेळी

दुपारच्या सामसूम घरात पातेल्यावरचं झाकण खणकन खाली पडलं. लेकीला, दिशाला, नुकतीच झोप लागली होती. पायल तिचा अंगावरचा हात सोडवून धावत स्वयंपाकघरात आली, तर ओट्याला पाय लावून एक काळी शेळी कोथिंबिरीची जुडी निवांत चघळत होती. मागच्या दारात तिचा मालक, हातात तुटकी दोरी.

"माफ करा वहिनी, दोरी तोडून आली."

"बोलावल्यासारखी जेवतेय की..." पायल हसली. कितीतरी महिन्यांनी.

हा अश्विन, सटाण्याकडचा. शेजारचा मळा त्याने नुकताच कसायला घेतला होता. नवरा गेल्यापासून घरामागच्या गुंठाभर जागेत काय करावं, हे पायलला सुचत नव्हतं. भाजी लावायची होती, एखादं जनावरही हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिने कुंपणापाशी त्यालाच विचारलं.

"गाईला चारा पुरणार नाय. कोंबड्या वाफे उकरून ठेवतील. शेळी घ्या."

"ती वाफेच खाईल."

"बांधता येते ना."

"काल बांधलेलीच होती तुमची."

"तिला इथलं आवडलं..." तो दोरीशी चाळा करत म्हणाला, "त्यात माझा काय दोष?"

पायलने पदर उगाच सारखा केला.

मग ती काळी शेळी त्याने वाट्याने दिली. सांभाळायची पायलने, पिल्लं निम्मी त्याची, निम्मी तिची. आपल्या वाट्याची चौकशी करायला मालकाने यायचंच असतं... तो रोज यायला लागला. लेंडीखत कसं कुजवायचं, वाफ्यांवर पालापाचोळा किती जाड पसरायचा, हे दाखवता दाखवता 'वहिनी'ची 'पायल' कधी झाली, दोघांनाही कळलं नाही.

मेथी खुडताना एकदा तो हळूच म्हणाला, "वाटा नको मला. सगळंच एकत्र करू. तू, मी... दिशा."

तिची बोटं मेथीतच थांबली. ती नाही म्हणाली नाही. घरी विचारते, म्हणाली.

दीर शांतपणे म्हणाले, "खुशाल लग्न करा. दिशा मात्र आमच्या घरची पोर. ती इथंच राहील." सासूबाई दिशाच्या केसांना तेल लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात शेळी व्याली. दोन पिल्लं. अश्विन हसत हसत आला आणि पायलचा चेहरा पाहून कुंपणापाशीच थांबला. तिने दिरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

अश्विनने आपल्या वाट्याचं पिल्लू छातीशी घेतलं. शेळी दोरीला हिसके देत ओरडायला लागली. त्याने पिल्लू परत तिच्या पोटाशी नेऊन ठेवलं.

"अजून पितंय," तो म्हणाला. "दूध सुटल्यावर नेतो."

"अश्विन..."

"आईपासून तोडून काय न्यायचं, पायल."

नंतर त्याने मळा सोडला.

आज दिशा अंगणात सुबाभळीची फांदी धरून बसली होती. ते पिल्लू तिच्या हातातला पाला कुरतडत होतं. पायल मेथी खुडत होती.

"आई," दिशा म्हणाली, "हे आता दूध पीतच नाही. मग अश्विनकाका त्याला न्यायला कधी येणार?"