अंगठा वर, अंगठा खाली

"इचि... नि... सान..."

मी दात मोजत होते आणि खुर्चीतला पेशंट हसत होता. तोंडात माझा आरसा, गालात कापसाचा बोळा, तरी हसत होता. समोरच्याच्या हातात टोकदार हत्यार असताना हसू नये, एवढं तरी माणसाला कळायला हवं.

"हिलिए मत," मी दटावलं.

चूळ भरून झाल्यावर त्यानं रुमालानं ओठ टिपले आणि अगदी अदबीनं, स्वच्छ जपानीत म्हणाला, "दात असे मोजत नाहीत, डॉक्टर. इप्पोन, निहोन, साम्बोन..."

मी स्टुलावर बसूनच राहिले. दिल्लीतल्या डेंटल कॉलेजची ओपीडी, चारी बाजूंनी ड्रिलची घरघर, आणि हा माणूस मला जपानी शिकवत होता... वर त्याचं बरोबर होतं. जपानीत लांबट वस्तू मोजायच्या तर आकड्यांचं रूप बदलतं. मला हे कुणी सांगायची गरज पडावी? बाबांची वकिलातीत बदली झाली होती तेव्हा माझे दुधाचे दात तोक्योत पडले होते. शेजारच्या काकू खालचा पडलेला दात माझ्याकडून छपरावर फेकून घ्यायच्या आणि मोजायच्या, इप्पोन, निहोन... तेच मी विसरले होते.

भाषा जाऊ नये म्हणून तर मी पेशंटच्या तोंडात पुटपुटायचे. बीडीएसच्या शेवटच्या वर्षाला दुसरा वेळ होता कुठे?

केसपेपरवर नाव होतं भालचंद्र. मी मराठीत विचारलं, "मराठी का तुम्ही?"

"बार्शीचा. मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दुभाषी आहे. जपानी साहेब मला बारुचांदोरा-सान म्हणतात. नाव आजोबांचं आहे, ते वर कूस बदलत असतील."

"दुखतंय कसं?"

"रात्रभर ठणकतो. मध्येच सणक जाते."

"सणक म्हणजे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "जपानी येतं आणि सणक माहीत नाही?"

"दिल्लीत वाढलेय मी. मयूर विहारमध्ये सणकबिणक नसते," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "रूट कॅनल करावं लागेल. चार-पाच खेपा होतील. तुम्ही मध्येच पळणार नाही ना?"

हा प्रश्न आम्ही सगळेच विचारायचो. ठरलेल्या केसेस पूर्ण करून विभागप्रमुख मॅडमची सही मिळवली नाही, तर परीक्षेला बसता येत नसे. आणि दुखणं थांबलं की पेशंट गायब होत.

"एका अटीवर," तो म्हणाला. "प्रत्येक खेपेला जपानीत बोलायचं."

"तुमचं तोंड तर उघडं असणार."

"मग तुम्ही बोला. बरोबर असेल तर मी अंगठा वर करीन, चुकलं तर खाली."

अशी आमची ओळख वाढली... म्हणजे माझी वाढली. मी बोलत सुटायचे आणि तो आ वासून ऐकायचा. आई कारल्यात गूळ कमी घालते इथपासून मेट्रोत माझी छत्री हरवली इथपर्यंत सगळं त्याला कळलं. मला मात्र त्याच्या दाढांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. पण त्याचा अंगठा वर गेला की मला दिवसभर गाणं गुणगुणावंसं वाटायचं, आणि खाली गेला की मी ते वाक्य घरी जाईपर्यंत घोळवत राहायचे.

एकदा काम छान झालं, तेव्हा चूळ भरून तो गंभीरपणे जपानीत म्हणाला, "आपल्या कामाचा दर्जा समाधानकारक आहे."

"हे कौतुक आहे?"

"कारखान्यातलं सगळ्यात मोठं. मला तेवढंच जपानी येतं हो. बोल्ट, बेअरिंग आणि मुदत."

आम्ही दोघंही हसलो, आणि नेमक्या तेव्हाच विभागप्रमुख डॉ. विजयालक्ष्मी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वृंदा, दाँत जापानी नहीं समझते. ये भाषा बाहर छोड़कर आया करो. एक बार और सुना, तो इस केस पर साइन नहीं करूँगी."

पुढची खेप मुकाट्यानं गेली. त्याचे दोन्ही अंगठे मांडीवर निमूट पडून होते.

काम झाल्यावर आम्ही कॉलेजच्या हिरवळीवर उन्हात बसलो. दिल्लीचं ते हिवाळी ऊन, हातात शकरकंदीच्या, म्हणजे रताळ्याच्या, चाटचे द्रोण. चावायला सोपं म्हणून मीच घेतलं होतं.

"जाऊ दे," मी म्हटलं. "मी डेंटिस्ट होणार आहे, दुभाषी नाही. विसरले तर विसरले."

"खोटं बोलू नका."

"मग काय करू? वर्ष घालवू?"

तो द्रोणातली कमरखाची आंबट फळफोड इकडून तिकडे करत राहिला. "दात हलायला लागला की आपण सारखी जीभ लावतो आणि तो पडतो. भाषेचं उलटं आहे, वृंदा. ती हलवत राहिलं तरच टिकते."

पहिल्यांदाच त्यानं नुसतं 'वृंदा' म्हटलं होतं. मी रडू लपवायला लिंबू फार झाल्याची तक्रार केली.

आणि त्याच आठवड्यात तो अचानक ओपीडीत आला. सोबत त्याच्या साहेबांच्या पत्नी, हायाशीबाई, गालावर हात दाबून. मॅडमनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत घेतलं. इंग्रजीत जे विचारावं त्याला बाई मान हलवून "येस, येस" म्हणत होत्या. भालचंद्र मध्ये उभा, कानापर्यंत लाल. बोल्ट आणि मुदतीच्या जपानीत कुणाची कळ सांगता येत नव्हती.

"ऊपर की आख़िरी दाढ़ ख़राब लग रही है," मॅडम म्हणाल्या. "निकाल देते हैं." आणि त्यांनी पक्कड मागवली.

बाईंचे डोळे भीतीनं विस्फारले. भालचंद्रनं हॉलभर नजर फिरवली, मला शोधलं... आणि माझ्याकडे बघत हळूच अंगठा वर केला.

सही, परीक्षा, वर्ष... सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण मी गेले. बाईंच्या खुर्चीशी गुडघे टेकले आणि तोक्योतल्या काकू मला विचारायच्या तसं विचारलं, "डोको गा इताई नो?" कुठं दुखतंय गं?

बाईंना रडूच फुटलं. मग त्या बोलायला लागल्या, आणि थांबेचनात. झुकी-झुकी होतं, म्हणजे ठसठसतं. एक दात नाही, अख्खी ओळ. आणि वाकून बूट घालताना तर गाल फुटतोय असं वाटतं. लहानपणीचे सगळे शब्द माझ्या ओठांवर आपोआप येत होते. पडायच्या भाषेतले होते ते, दुखण्याच्या, रडण्याच्या. मला तेच तर येत होते.

मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले. "झुकने से बढ़ता है?" मॅडमनी पुन्हा विचारलं आणि पक्कड खाली ठेवली. एक्स-रे निघाला. दाढ धडधाकट होती, दुखणं सायनसचं होतं. बाई नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाताना माझा हात सोडायला तयार नव्हत्या.

"कहाँ सीखा ये सब?" मॅडमनी विचारलं.

"दूध के दाँत गिरते वक़्त, मैडम."

"तो बंद क्यों किया?"

"सॉरी, मैडम." विभागप्रमुखांशी वाद घालू नये.

शेवटच्या खेपेला मी भालचंद्रच्या दाढेवर टोपी बसवली. "कापूस घट्ट चावून धरा. सिमेंट सुकेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही."

तो डोळ्यांनीच हसला. मला कळलं, आज नाही बोलले तर हा मानेसरच्या बसमध्ये बसून निघून जाईल आणि त्याला पुन्हा बोलवायला माझ्याकडे एकही दात उरणार नाही.

"बारुचांदोरा-सान," मी जपानीत म्हटलं, "...सुकी देस." मला तुम्ही आवडता.

त्याचा अंगठा खाली गेला.

माझ्या हातातला आरसा ट्रेमध्ये पडला. मी ट्रे आवरायला लागले, आवरलेला पुन्हा आवरला. सिमेंट सुकायला इतका वेळ कधीच लागला नव्हता. अखेर त्यानं कापूस काढला.

"चूक," तो म्हणाला. "हे वाक्य माझं होतं. आठवडाभर बसमध्ये पाठ करतोय. आणि तू ते माझं तोंड बंद करून म्हणालीस."

"मग... म्हण की आता."

तो खुर्चीत ताठ बसला, मीटिंगला बसावं तसा, आणि जपानीत सुरू झाला. "यापुढेही आपलं सहकार्य कायम लाभावं, ही नम्र विनंती." मग आवाज खाली आला. "सुकी देस, वृंदा."

माझा अंगठा आपोआप वर गेला.

"क्या चल रहा है?" मागून मॅडमचा आवाज आला. "ट्रांसलेट करो."

आजूबाजूचे ड्रिल थांबले. सगळी बॅच माना वळवून बघत होती. भालचंद्र खुर्चीत घसरत चालला होता. मी मात्र ताठ उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मैडम, मैंने कहा ये मुझे पसंद हैं. ये कह रहे हैं कि पहले इन्हें बोलना था."

मॅडमनी भालचंद्रच्या तोंडात वाकून टोपी तपासली. मग पेन उघडलं आणि केसपेपरवर झोकात सही केली.

"अच्छा काम है," त्या म्हणाल्या. "नेक्स्ट पेशंट."