उजव्या हाताची दिशा

"दिवा दक्षिणेच्या खिडकीत ठेव हं, बाळ. उत्तरेला दरी आहे." जाताना आई एवढंच म्हणाली होती.

मंगळावरच्या त्या नव्या निवाऱ्यात कालिंदी, तिची आई, आजोबा आणि चिमटा नावाचा यंत्रमानव आदल्याच दिवशी धुळीच्या वादळात उतरले होते. वीज गेली, मोठा संगणक बंद पडला. वाटेत एक गाडी उलटली होती, तिच्यातल्या दोघांना आणायला आई दुसरी गाडी घेऊन गेली. आता तिची परतायची वेळ झाली होती. दिवा एकच, आणि गोल निवाऱ्याला चार दिशांना चार सारख्या खिडक्या. चुकीच्या खिडकीत उजेड दिसला तर आई नेमकी दरीत जायची.

कालिंदीने होकायंत्र (दिशा दाखवणारी चुंबकसुई) हातात धरलं. सुई कुठेही वळत होती.

"हिला झालंय तरी काय?"

"ती बिचारी काय करील?" आजोबा अंथरुणावरून म्हणाले. त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. "पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड ढवळलं जात असतं, म्हणून पृथ्वीच एक मोठं चुंबक होते. मंगळाच्या पोटातलं ते काम केव्हाच थांबलं. आता कुठल्या कुठल्या खडकांत थोडं चुंबकत्व उरलंय. सुईने ऐकावं कोणाचं?"

"चिमट्या, दक्षिण म्हणजे काय, सांग लवकर!"

"दक्षिण म्हणजे उजवा. दक्षिण हस्त, उजवा हात. दक्षिणा म्हणजे गुरुजींना द्यायचे पैसे. मला खिसा नाही."

"गप रे! आई तिकडे..." कालिंदीला रडू फुटलं. "उजवी म्हणजे कुणाची उजवी? मी वळले की तीही वळते."

आजोबांनी क्षणभर हात जोडले. मग हळूच विचारलं, "प्रदक्षिणा घालताना देव कोणत्या हाताला असतो?"

"उजव्या."

"शब्दातच आहे बघ ते. जुन्या माणसांनी उगवत्या सूर्याकडे तोंड करून दिशांना नावं दिली. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम मागची, दक्षिण उजव्या हाताची."

"ते पृथ्वीवर!"

"मंगळही पृथ्वीसारखाच पश्चिमेकडून पूर्वेकडे स्वतःभोवती फिरतो. म्हणून सूर्य इथेही पूर्वेलाच उगवतो."

"पण आत्ता संध्याकाळ आहे, आजोबा."

 म्हणता म्हणताच कालिंदी खिडक्यांकडे धावली. तीन खिडक्यांत नुसती काळपट धूळ. चौथीत फिकट निळसर डाग. मंगळावर मावळत्या सूर्याभोवती असाच निळा उजेड असतो. तिने त्या डागाकडे पाठ केली. म्हणजे समोर पूर्व. तिने उजवा हात लांब केला.

"ती खिडकी!"

दिवा ठेवून ती काचेला नाक लावून उभी राहिली. बऱ्याच वेळाने धुळीतून दोन पिवळे ठिपके सावकाश जवळ आले.

आई आत आली ती जखमी गोदामावशींना धरून. त्यांना नीट निजवून तिने कालिंदीला पोटाशी घेतलं. "दिसला गं दिवा."

घोटभर पाणी पिऊन तिने पुन्हा शिरस्त्राण उचललं.

"लगेच?"

"नारोकाका तिथे एकटे आहेत. मावशींना आडवं ठेवल्यावर गाडीत जागाच उरली नाही. परत येते म्हणून सांगून आलेय त्यांना."

"सकाळपर्यंत वादळ निवळेल," आजोबा म्हणाले. "सूर्य उगवताना सगळे मिळून बघू."

कालिंदीने डोळे पुसले. "जा तू. मी दिव्यापाशी बसते."

आईने मान डोलावली, आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि गाडी वळवली.