नऊ मंगळवार आणि एक कपाट

मिठूने तो पहिला फोन लावला मंगळवारी दुपारी साडेतीनला. तिला आठवण करून दिली ती सॉफ्टवेअरने.

मामाच्या कपाटांच्या दुकानात ते तिनेच हट्टाने आणलं होतं. कोण आलं, काय विचारून गेलं, परत कधी फोन करायचा, सगळं त्यात. मामाने नाक मुरडलं होतं. "तीस वर्षं माझी गिऱ्हाईकं या डोक्यात राहिली. तीन महिने देतो. नुसती चौकशी करून गेलेल्यांतल्या वीस जणांनी खरेदी केली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळ!"

"नमस्कार! तुम्ही आमच्याकडे तीनदारी कपाटाची चौकशी केली होती..."

पलीकडे कुत्रं भुंकलं. मग एक हसरा आवाज आला. "मी?... बरं. कसं आहे कपाट?"

"सागवानी. दाराला आरसा. आत चोरकप्पा."

"चोरकप्प्यात काय ठेवतात?"

"ते आम्ही गिऱ्हाईकाला विचारत नाही."

तो खळखळून हसला. "विचार करतो. पुढच्या मंगळवारी फोन कराल?"

मग दर मंगळवारी फोन. तो जनावरांचा डॉक्टर होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कुणाचं तरी मांजर. कपाटाच्या उंचीवरून गप्पा कुठल्या कुठे जायच्या... मिठू इमानदारीत नोंद करायची – 'आवाज छान. मांजरांशी प्रेमाने बोलतात. घाई करू नये.'

मामाने ती वाचली. "घाई करू नये? आठ आठवडे झाले! एवढ्यात मी झाड लावून कपाट केलं असतं."

मिठूचे कान लाल झाले.

तीन महिने संपत आले. खरेदी झाली होती एकोणीस जणांची. आणि एका गुरुवारी एक निवृत्त मुख्याध्यापिका काठी आपटत आत आल्या. "तीनदारी कपाट विचारून गेले होते मी. एक फोन नाही तुमचा! दुसरीकडून घेतलं, एवढंच सांगायला आले."

मिठूने त्यांचा नंबर विचारून नोंद उघडली. नावाची जागा रिकामीच होती. फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. तिच्याच हातून. म्हणजे डॉक्टरने चौकशी केलीच नव्हती...

"मिठूचाच पोपट झाला!" मामा म्हणाला.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "नऊ आठवडे बनवलंत मला!"

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो... पण तुम्ही आरशाबद्दल इतकं मनापासून सांगत होतात –"

"इथे माझं काम पणाला लागलंय, आणि तुम्हाला गंमत सुचते?" तिने फोन ठेवला आणि त्याची नोंद पुसून टाकली. 

शनिवारी, शेवटच्या दिवशी, एक उंच माणूस दुकानात आला. शर्टभर कुत्र्याचे केस.

"तीनदारी कपाट द्या."

तो आवाज! मिठूने वर पाहिलं... आणि मान फिरवली. "तुमच्या खोलीत मावणार नाही. मापं तुम्हीच सांगितलीत."

"पलंग बाहेर काढतो."

"विकणार नाही."

"अगं, विसावं –" मामा कळवळला.

"माहीत आहे मला. तरी नाही. एकदा खोटं चाललं, पुन्हा नाही."

त्याने शर्टावरचे केस झटकले. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू? दवाखान्यात औषधांना छोटं कपाट खरंच हवंय. आणि... तुमच्याशी बोलल्याशिवाय माझा आठवडा सुरूच होत नाही."

मिठूच्या हातातली मोजपट्टी सर्रकन मिटली.

मामा खाकरला. "छोटं कपाट मिळेल. पण हे चौकशी करून गेलेल्यांत धरता येणार नाही."

"नऊ मंगळवार चौकशीच केली हो मी!"

मामा हसू दाबत बिलाकडे वळला. "धरलं."

"दुकान साडेसहाला बंद होतं," मिठू खाली बघत पुटपुटली.

तो साडेपाचलाच काचेबाहेर येऊन उभा राहिला. मामाने त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "जा गं बाई," तो म्हणाला, "तो दारात उभा आहे तोवर एकही गिऱ्हाईक आत यायचं नाही."

ती गेली... ओढणी सावरत, जवळजवळ पळतच.