पौषात वारा पडतो

हिरा तिवईवर चढून, भाताचं सूप डोक्यावर धरून कधीची उभी होती. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मग एक झुळूक आली, तिनं सूप हलवलं... आणि सगळा भुसा खालून चाललेल्या एका परक्या तरुणाच्या अंगावर.

"अहो, जरा माणूस बघून," तो डोळे चोळत म्हणाला.

"वारा कुटनं येतो त्ये बघून चालावं मानसानं."

"बघायला पाहिजे खरं," तो हसला. "सरकार मला त्याचाच पगार देतं."

तो आंबी गावचा गोरख. लोणावळ्यामागच्या या पठारावर पवनचक्क्या उभारायच्या, विहिरीचं पाणी त्यांनी उपसायचं, म्हणून वारा मोजायला आला होता. आषाढातले आकडे झकास निघाले होते. पौषातले जमले की काम सुरू, आणि देखरेखीला दोन वर्षं गोरखचा मुक्काम गावातच!

तेव्हापासून त्याला रोज खळ्यावरच तहान लागू लागली. पाणी देताना हिराची नजर खाली आणि कान त्याच्याकडं. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. चक्क्यांसाठी पठाराला कुंपण पडणार, मग गावची गुरं चरणार कुठं? आणि चक्क्या फिरणार तरी कधी? बोलावं तर हा जाणार, न बोलावं तर कुरण जाणार... इकडे आड, तिकडे विहीर.

चौथ्या दिवशी तिनं सांगून टाकलं. "आषाढात वारा लय, पर तवा पानी कुनाला पायजे? आता हरभरा सुकतोय, तर पान हालत न्हाई. दरसाल असंच. येखादी झुळूक घावली म्हनून फसू नका."

गोरखनं वही उघडली. तीन दिवसांचे आकडे हेच सांगत होते. तोच ते मानायला तयार नव्हता. त्यानं लिहिलं – जागा योग्य नाही.

"आता माझी बदली होणार, हिरा."

"ठावं हाय."

"तरी सांगितलंस?"

"गप ऱ्हायले असते, तर तुमच्याकडं बघाया लाज वाटली असती... आन् मला तर बघायचं व्हतं."

गोरखनं वही मिटली. मग हळूच म्हणाला, "मला आता तुझ्याविना करमायचं नाही. धोंडिबाआबांना... विचारू?"

हिरानं पदर सावरला. पलीकडं तिचे आबा सूप बाजूला टाकून, तंबाखू मळत बसले होते.

"आत्ताच जावा," ती म्हणाली. "वारा पडलाय, मोकळं हायेत."