करंजखेड ठणठणीत आहे

आरोग्यवेधशाळेच्या भिंतभर नकाशावर अख्खा तालुका तापाने लालभडक झाला होता, आणि मधोमध करंजखेड मात्र हिरवंगार! केतकी सोनटक्केचा जीव भांड्यात पडला. तिथे तिचे वडील, अण्णा, एकटेच राहत होते.

"इतकं निरोगी गाव? मला नाही पटत," तिचे वरिष्ठ डॉ. फिरोज तांबोळी म्हणाले. "लोकांची उत्तरं जशीच्या तशी वाच बरं."

घराघरातलं प्रश्नयंत्र सकाळ-संध्याकाळ तब्येत विचारायचं. केतकीने करंजखेडची उत्तरं उघडली. पहिल्याच घराचं उत्तर होतं, 'मला काय धाड भरलीय?' ती खुदकन हसली. हे तर अण्णांचं ठेवणीतलं वाक्य! पण दुसऱ्या घराचंही तेच होतं. तिसऱ्याचंही. साऱ्या गावाचं तेच. तिने ती उत्तरं फिरोजना दाखवली.

"हे पूरकाचं काम," फिरोज म्हणाले. "एखादं घर गप्प राहिलं, की आपली पूरक आज्ञावली शेजारचं उत्तर तिथे भरते. पाणी एक, हवा एक, म्हणून दुखणंही बहुधा एकच. शेजारीही गप्प असला तर त्याच्या पलीकडचं घर. आणि कुणीच बोललं नाही, तर मागच्या वेळची उत्तरं तशीच पुढे चालू."

"म्हणजे गावात एकटे अण्णाच बोलतायत? मग बाकीचे कुठे गेले, सर?"

केतकीने लगेच अण्णांना फोन लावला.

अण्णांचा आवाज पार खोल गेला होता. "गाव नुसतं झोपलंय गं. शेजारच्या विमलवहिनींचं दार वाजवून वाजवून दमलो. मला काय धाड भरलीय?"

"अण्णा, ताप आहे ना तुम्हाला? खरं सांगा!"

"आहे थोडी कणकण. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही."

केतकीने नियंत्रण कक्षाच्या हातापाया पडून पाहिलं. पथकं अपुरी होती, ती लाल गावांनाच जात होती. आधी नकाशा बदलू दे, मग बघू, एवढंच त्यांचं म्हणणं. तिने पुन्हा अण्णांना गाठलं.

"संध्याकाळी यंत्राने विचारलं की आजारी आहे म्हणा. तुम्ही म्हणालात की सगळं गाव लाल होईल, पथक येईल. माझी शपथ आहे तुम्हाला!"

"बरं बाई, सांगतो," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी दोघं नकाशासमोर उभे राहिले. केतकी आयुष्यात पहिल्यांदा लाल रंगासाठी देवाचा धावा करत होती. नवी उत्तरं आली. करंजखेड हिरवंच राहिलं. घराघरातून पुन्हा तेच, 'मला काय धाड भरलीय?'

"शपथ घातली होती मी!" ती रडत ओरडली. "किती हट्टी असावं माणसानं! सगळ्या गावाचा जीव घेतील हे!"

फिरोजनी नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, करंजखेडमधली प्रत्यक्ष बोललेली घरं: शून्य.

तिने फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, आणि भिंतीवर गाव हिरवंच होतं.